सौराष्ट्राचा सागरकिनारा : प्राचीन नगरे, अभयारण्ये आणि जतनाचा वारसा

भारतवर्षाच्या पश्चिमेस अरबी समुद्रात पुढे आलेले सौराष्ट्र हे द्वीपकल्प तीन बाजूंनी जलाने वेढलेले आहे. पूर्वेस खंभातचे आखात, वायव्येस कच्छचे आखात आणि नैऋत्येस अथांग सागर, अशी त्याची सीमारेषा आहे. प्राचीन ग्रंथांत ‘सुराष्ट्र’ म्हणून गौरविलेल्या या भूमीस मराठ्यांच्या अमदानीत काठी लोकांवरून ‘काठियावाड’ हे नाव रूढ झाले. शत्रुंजय आणि गिरनार या दोन महातीर्थांमुळे जैन समाजास ही भूमी परकी नाही. महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक संघ तेथे जातात, वंदना करतात आणि परततात. तथापि या दोन पर्वतांच्या दरम्यान आणि त्यांच्या पलीकडे जो किनारा पसरला आहे, तेथील नगरे आणि अरण्ये बहुतेक यात्रेकरूंच्या दृष्टीआड राहतात. गुजरात राज्यातील चार राष्ट्रीय उद्यानांपैकी वेळावदर, गीर आणि कच्छच्या आखातातील सागरी उद्यान ही तीन याच द्वीपकल्पात आहेत. चार हजार वर्षांच्या व्यापाराच्या खुणाही याच किनाऱ्यावर आहेत. काय टिकले, काय बुडाले आणि जे टिकले ते कोणाच्या प्रयत्नाने टिकले, याचा विचार करीत हा किनारा पाहिल्यास यात्रेचे पुण्य ज्ञानाने द्विगुणित होईल.

लोथल : मुद्रा, वजने आणि कापडाचा ठसा

द्वीपकल्पाच्या ईशान्य कोपऱ्यात, भाल प्रदेशाच्या सपाट खारट भूमीत लोथल हे सिंधुसंस्कृतीचे नगर आहे. १९५४ साली पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी ते शोधून काढले व पुढील काही वर्षांत तेथे उत्खनन झाले. सुमारे दोनशे मीटर लांबीचा भाजक्या विटांचा मोठा हौद तेथे सापडला. ती जहाजांची गोदी होती, असे राव यांचे मत असून काही विद्वानांनी त्यावर शंकाही घेतली आहे. परंतु लोथल हे व्यापारी नगर होते याविषयी वाद नाही. मणी तयार करण्याचे कारखाने, दगडी घनाकृती वजने आणि इराणच्या आखातातील धाटणीची एक मुद्रा तेथे मिळाली. वखारीच्या अवशेषांत मातीवर उमटविलेली मोहोरांची ठसेबंदी सापडली असून, या मातीच्या मागील बाजूस चटई, सुतळी आणि विणलेल्या कापडाचे ठसे स्पष्ट उमटलेले आहेत. म्हणजेच माल बांधून, दोरी आवळून, त्यावर मोहोर लावून तो परगावी पाठविण्याची रीत या भूमीत चार हजार वर्षांपूर्वीही होती. कापड नष्ट झाले, त्याचा ठसा मात्र राहिला.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक सागरप्रवाशाच्या मार्गदर्शक ग्रंथातही सुराष्ट्राच्या किनाऱ्याचे वर्णन येते. गहू, तांदूळ, तिळाचे तेल, तूप, कापूस आणि त्यापासून विणलेले जाडेभरडे कापड हे येथील उत्पन्न म्हणून त्यात नोंदविले आहे.

वल्लभी : संपत्ती गेली, विद्या उरली

भावनगर जिल्ह्यातील वल्लभीपूर हे आज एक लहानसे गाव आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आठव्या शतकापर्यंत मात्र ते मैत्रक राजवंशाची राजधानी होते. सातव्या शतकात येथे आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग लिहितो की, या नगरात सुमारे शंभर घराणी कोट्यधीश होती आणि दूरदूरच्या देशांतील मौल्यवान माल येथे साठविला जाई. त्याच्या मागून आलेल्या इत्सिंगने वल्लभीच्या विद्यापीठाची तुलना नालंदेशी केली आहे. मैत्रक राजांनी ब्राह्मण, बौद्ध विहार व देवालये यांना दिलेल्या दानांचे शेकडाभर ताम्रपट उपलब्ध आहेत.

श्वेतांबर परंपरेच्या दृष्टीने वल्लभीचे महत्त्व याहून मोठे आहे. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर ९८० वर्षांनी, मतांतराने ९९३ वर्षांनी, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात देवर्द्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली येथे श्रमणसंघ एकत्र आला आणि तोपर्यंत कंठस्थ असलेले आगम ग्रंथारूढ करण्यात आले. दुष्काळात अनेक श्रुतधर मुनी कालवश झाले होते आणि स्मरणशक्ती क्षीण होत होती. श्रुत लोपण्याचे भय समोर असताना संघाने घेतलेला हा निर्णय होता. पुढे आठव्या शतकाच्या उत्तरार्धात वल्लभीचा नाश झाला. तो अरबांच्या स्वारीमुळे झाला असे मानले जाते. शंभर कोट्यधीशांपैकी एकाचेही नाव आज कोणास ठाऊक नाही. त्या संघाने लिहवून घेतलेले आगम मात्र आजही वाचले जातात.

भावनगर, शत्रुंजय आणि वेळावदर

वल्लभीच्या दक्षिणेस खंभातच्या आखाताला लागून घोघा हे जुने बंदर आहे. नवखंडा पार्श्वनाथांचे तीर्थ म्हणून ते श्रावकांस परिचित आहे. त्याच्याजवळच १७२३ साली भावसिंहजी गोहिल यांनी भावनगर वसविले आणि हळूहळू घोघ्याचा व्यापार नव्या बंदराकडे गेला. या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरपर्यंत जातो व गाळही फार येतो. म्हणूनच येथील बंदरांचे आयुष्य निसर्गाच्या हाती राहिले. याच उंच भरतीचा उपयोग करून १९८३ पासून जवळच्या अलंगच्या किनाऱ्यावर जगभरातील निवृत्त जहाजे तोडली जातात.

भावनगरहून पालिताणा जवळ आहे. शत्रुंजयाचे वर्णन करण्याचे येथे प्रयोजन नाही, परंतु मुंबईशी असलेला त्याचा एक संबंध ध्यानात घेण्याजोगा आहे. मुंबईचे जहाजमालक व्यापारी शेठ मोतीशा यांनी दोन शिखरांमधील खोल दरी भरून काढून त्या भरावावर भव्य टूंक उभारली. प्रतिष्ठेचा सोहळा मात्र त्यांच्या निधनानंतर पार पडला. मुंबईच्या पांजरपोळाच्या स्थापनेतही मोतीशांचा मोठा वाटा होता.

भावनगरच्या उत्तरेस वेळावदरचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्र अवघे ३४ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. डोंगर नाही, घनदाट झाडी नाही, नजर जाईल तिथवर केवळ गवताळ माळ. हा माळ पूर्वी भावनगर संस्थानची राखीव ‘वीडी’ होती. राजे लोक येथे पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार करीत. आज त्याच माळावर काळविटांचे कळप निर्भयपणे बागडतात. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या जातीचे शिकारी पक्षी सायंकाळी शेकडोंनी या गवतात विसाव्यास उतरतात. पावसाळ्यात दुर्मीळ तणमोर येथे वीण घालतो. ज्या राजघराण्याने येथे शिकार केली, त्याच घराण्यातील धर्मकुमारसिंहजी यांनी सौराष्ट्रातील पक्ष्यांवर प्रमाणभूत ग्रंथ लिहिला. आणि त्याच घराण्याचे महाराज कृष्णकुमारसिंहजी यांनी १९४८ च्या जानेवारीत आपले संस्थान प्रजेच्या स्वाधीन केले. सोडून देण्याचेही एक वैभव असते.

दीव आणि प्रभास पाटण

किनाऱ्याने पश्चिमेकडे गेल्यावर दीवचे बेट लागते. गुजरातच्या सुलतानांचे हे समृद्ध बंदर होते. १५०९ साली येथील समुद्रात पोर्तुगिजांनी गुजरात व इजिप्तच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला. हुमायूनच्या स्वारीने अडचणीत आलेल्या सुलतान बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली आणि १५३५ मध्ये दीव येथे किल्ला बांधण्यास अनुमती दिली. १५३८ व १५४६ असे दोन मोठे वेढे त्या किल्ल्याने सोसले. वसई १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकून घेतली. दीव मात्र १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीज अमलाखाली राहिले. आज ते केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे.

पोर्तुगिजांनी या समुद्रावर परवान्याची पद्धत लादली होती. त्यांचा परवाना घेऊन, ठरविलेल्या नाक्यावर जकात भरल्याशिवाय व्यापारी जहाजास सुरक्षित जाता येत नसे. अशाही स्थितीत अठराव्या शतकात दीवचे वाणी व्यापारी आफ्रिकेतील मोझांबिकपर्यंत गुजराती कापड नेत होते. त्या कापडाच्या बदल्यात हस्तिदंत येई आणि तेथील व्यापारात गुलाम माणसांचीही खरेदी-विक्री होत असे. पूर्वजांच्या साहसाचा अभिमान बाळगताना इतिहासाचे हे पानही उलटून टाकता येणार नाही. वहीत जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहिल्या तरच हिशेब खरा ठरतो.

पुढे वेरावळ आणि प्रभास पाटण ही जोडगावे. सोमनाथावर इ. स. १०२६ मध्ये गझनीच्या महमुदाने केलेली स्वारी सर्वांस ठाऊक आहे. अहिल्याबाई होळकर यांनी १७८३ साली येथे नवे मंदिर बांधले. स्वातंत्र्यानंतर सरदार पटेलांच्या संकल्पातून उभ्या राहिलेल्या मंदिरात ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते प्राणप्रतिष्ठा झाली. परंतु याच नगरातील १२६४ चा एक शिलालेख तितकासा प्रसिद्ध नाही. वाघेला राजा अर्जुनदेव याच्या राज्यात होर्मुझच्या नूरुद्दीन फिरोज नावाच्या जहाजमालकाने येथे जमीन विकत घेऊन मशीद बांधली आणि तिच्या खर्चासाठी उत्पन्न लावून दिले. हा व्यवहार नगरातील प्रमुख मंडळींच्या संमतीने झाला. संस्कृत लेखात हिजरी, विक्रम, वल्लभी आणि सिंह अशा चार संवतांची वर्षे दिली आहेत. स्वारीनंतर जेमतेम अडीचशे वर्षांनी त्याच नगरातील व्यापाऱ्यांनी परधर्मी व्यापाऱ्याशी केलेला हा लेखी व्यवहार, व्यापारातील परस्परविश्वासाचा मोठा पुरावा आहे.

वेरावळचा समुद्र आणि ‘व्हाली’

वेरावळ हे मच्छीमारीचे मोठे बंदर आहे. याच किनाऱ्यावर व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा येतो. आकाराने प्रचंड असूनही तो स्वभावाने निरुपद्रवी असून सूक्ष्म जलजीवांवर जगतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या यकृतातील तेल, मांस व पर यांच्यासाठी येथे दरवर्षी शेकडो मासे मारले जात. २००१ साली केंद्र शासनाने वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्यास पूर्ण संरक्षण दिले. परंतु केवळ कायद्याने समुद्रातील हिंसा थांबत नाही. २००४ पासून सुरू झालेल्या लोकजागृतीच्या मोहिमेत कथाकार मोरारीबापू यांनी मच्छीमारांस सांगितले की, हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. तिला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे नाव मिळाले. ज्या कोळी व खारवा बांधवांची उपजीविका समुद्रावर आहे, त्यांनी त्यानंतर जाळ्यात अडकलेल्या शेकडो व्हाली आपली महागडी जाळी कापून पुन्हा समुद्रात सोडल्या. जाळ्याची भरपाई शासन देते हे खरे, परंतु त्या दिवसाची कमाई त्यांस सोडावी लागते. अहिंसेचे मोल जो स्वतःच्या पदरचे देतो, त्याचे आचरण कोणत्याही उपदेशाहून श्रेष्ठ आहे.

गीर : एका घरात ठेवलेले धन

वेरावळच्या उत्तरेस गीरचे अरण्य आहे. एकेकाळी आशियाई सिंह पश्चिम आशियापासून उत्तर व मध्य भारतापर्यंत सर्वत्र होता. शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो केवळ गीरमध्ये आणि तोही अत्यल्प संख्येत उरला. जुनागढच्या नवाबांनी शिकारीस आळा घातला म्हणून तो वाचला. १९६५ मध्ये गीर अभयारण्य झाले व १९७५ मध्ये त्याच्या २५८ चौरस किलोमीटर गाभ्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. एकूण संरक्षित क्षेत्र १,४१२ चौरस किलोमीटर आहे. १९६८ च्या गणनेत १७७ सिंह होते. ही संख्या २०१५ मध्ये ५२३, २०२० मध्ये ६७४ आणि २०२५ मध्ये ८९१ झाली. या यशात वनखात्याइतकाच वाटा मालधारी पशुपालकांचा आहे. आपली म्हैस वा गाय सिंहाने मारली तरी सूड न घेता त्याच्या शेजारी राहण्याची रीत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली.

तथापि चिंतेचे कारण संपलेले नाही. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या एकाच भागात साथीने २३ सिंह दगावले. सर्व धन एकाच घरात ठेवू नये, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे हलवावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला, परंतु ते स्थलांतर झाले नाही. कुनोत २०२२ मध्ये आफ्रिकेतील चित्ते आणले गेले. २०२३ मध्ये मात्र पोरबंदरजवळच्या बरडा अभयारण्यात शतकाहून अधिक काळानंतर सिंह आपण होऊन पोहोचला, ही आशेची बाब आहे.

गिरनार : शिलेवरचा हिशेब

जुनागढहून गिरनारकडे जाताना वाटेवर एक प्रचंड शिला आहे. तिच्यावर सम्राट अशोकाच्या चौदा धर्माज्ञा, शक क्षत्रप रुद्रदामनाचा इ. स. १५० च्या सुमाराचा संस्कृत लेख आणि गुप्तसम्राट स्कंदगुप्ताच्या काळातील लेख असे तीन कालखंड कोरलेले आहेत. अशोकाच्या पहिल्याच आज्ञेत यज्ञासाठी व मेजवानीसाठी होणाऱ्या प्राणिहत्येचा निषेध आहे. उरलेले दोन लेख सुदर्शन नावाच्या तलावाचा इतिहास सांगतात. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात हा तलाव बांधविला तो पुष्यगुप्त नावाच्या वैश्य अधिकाऱ्याने. अशोकाच्या काळी यवनराज तुषास्फाने त्यास कालवे काढले. रुद्रदामनाच्या वेळी वादळाने धरणास ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल खिंडार पडले. मंत्र्यांनी दुरुस्ती अशक्य ठरविली, प्रजा हवालदिल झाली. तेव्हा राजाने नगरवासी व ग्रामवासी यांच्यावर कर, वेठ वा सक्तीची देणगी न लादता, स्वतःच्या खजिन्यातून, अमात्य सुविशाखाकरवी ते धरण पूर्वीपेक्षा मजबूत बांधले. तीनशे वर्षांनी ते पुन्हा फुटले आणि चक्रपालिताने पुन्हा बांधले. आज तो तलाव नाही. परंतु सार्वजनिक कार्य कोणी आरंभिले, कोणी वाढविले, केव्हा मोडले आणि कोणाच्या द्रव्याने सावरले, याचा चोख हिशेब त्या शिलेवर आहे.

भगवान नेमिनाथांच्या निर्वाणभूमीचे माहात्म्य सर्वश्रुत आहे. दिगंबर परंपरेनुसार याच गिरनारच्या चंद्रगुफेत वृद्ध आचार्य धरसेन राहत होते. आपल्याबरोबर श्रुतज्ञान लोप पावेल या चिंतेने त्यांनी दक्षिणेतून आलेल्या पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींस ते शिकविले आणि त्यातून ‘षट्खंडागम’ ग्रंथरूप झाला. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस साजरी होणारी श्रुतपंचमी ही त्याचीच स्मृती. या ग्रंथावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथेच होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूर-मुंबईच्या श्रावकांच्या प्रयत्नाने त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले आणि १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून धवलेचे खंड छापून प्रसिद्ध होऊ लागले. वल्लभी आणि गिरनार, श्वेतांबर आणि दिगंबर, दोन्ही परंपरांनी एकाच भयास एकाच भूमीत एकच उत्तर दिले, हा योग मनन करण्यासारखा आहे.

पोरबंदर ते जामनगर

पोरबंदर येथे २ ऑक्टोबर १८६९ रोजी महात्मा गांधींचा जन्म झाला. जन्मघरालगतचे कीर्तिमंदिर अवश्य पाहावे. या परिसरातील फिकट रंगाचा चुनखडीचा दगड जहाजांनी मुंबईस जाई आणि तेथील अनेक जुन्या इमारतींत तो बसविलेला आहे. पुढे द्वारका. हा ओखामंडळाचा प्रदेश बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होता. बेट द्वारकेस पूर्वी नावेनेच जावे लागे. २०२४ च्या फेब्रुवारीपासून सुदर्शन सेतूवरून वाहनाने जाता येते.

कच्छच्या आखातावरील जामनगर १५४० मध्ये जाम रावळ यांनी वसविले. तेथील बांधणीचे काम प्रसिद्ध आहे आणि चांदी बाजारातील जिनमंदिरे दर्शनीय आहेत. जवळच्या बालाचडी येथे १९४२ मध्ये जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी युद्धात निराधार झालेल्या शेकडो पोलिश बालकांस आश्रय दिला. या किनाऱ्यालगत भारतातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. १९८० मध्ये अभयारण्य व १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या क्षेत्रात ४२ बेटे, प्रवाळांचे खडक आणि तिवरांची वने आहेत. पूर्वी येथून सिमेंटसाठी प्रवाळवाळू काढली जात असे. संरक्षणानंतर ते बंद झाले. नरारा येथे ओहोटीच्या वेळी घोट्याएवढ्या पाण्यातून चालत प्रवाळ, तारामासे, खेकडे आणि अष्टपाद पाहता येतात.

यात्रेकरूंसाठी

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ या प्रवासास सर्वांत अनुकूल आहे. गीरचे अरण्य १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असते आणि प्रवेशाचे परवाने आधी काढावे लागतात. नरारा येथे जाताना ओहोटीची वेळ पाहूनच निघावे. पाण्यातील एकही जीव उचलू नये, प्रवाळावर पाय पडू देऊ नये. संघयात्रेच्या कार्यक्रमात पालिताण्यास जाताना एक सकाळ वल्लभीपूर व वेळावदरसाठी आणि गिरनारच्या वंदनेपूर्वी अर्धा तास अशोकाच्या शिलेसाठी राखून ठेवल्यास विशेष खर्च वाढत नाही. बरोबर मुलांना न्यावे आणि त्यांस सुदर्शन तलावाची कथा त्या शिलेसमोर उभे राहूनच सांगावी.

या किनाऱ्यावर अनेक बंदरे गाळाने भरली, अनेक राजवंश लयास गेले, अगणित संपत्ती आली आणि गेली. ताडपत्रांवरचे श्रुत टिकले, काळवीट व सिंह टिकले, व्हाली पुन्हा किनाऱ्यावर येऊ लागली, कारण कोणीतरी वेळीच पुढे येऊन त्यांचा भार आपल्या शिरावर घेतला. विश्वस्त या शब्दाचा अर्थ याहून निराळा नाही. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या कोणत्याही संस्थेने आपल्या मागून येणाऱ्यांसाठी काय राखून ठेवले, याचा हिशेब मांडताना सौराष्ट्राचा हा किनारा डोळ्यांसमोर ठेवावा.